मागची ट्रॉली
रसवंतीवरून जाताना ताज्या उसाचा वास आला की मला पाटसजवळचा कालव्याचा पूल आठवतो. साखर कारखान्याचा हंगाम होता आणि भर दुपारी मी तिथं लाल कागदावर छापलेली ‘एका ट्रॅक्टरला एकच ट्रॉली’ अशी पत्रकं वाटत होतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर पुलाच्या चढाला लागला आणि त्याची पुढची चाकं वीतभर उचलली. चालकानं ब्रेक दाबला. त्याची बायको उतरली आणि पुढं वजन द्यायला सवयीनं बॉनेटवर चढू लागली. मी आडवा गेलो. “मामा, ट्रॅक्टर उलटला तर आधी मावशी जातील. मागची ट्रॉली सोडा, दोन खेपा करा.” “आन् ती राखायला हिला एकटीला रस्त्यावर बसवू व्हय?” तो म्हणाला. मी म्हणालो, “मी थांबतो मावशींबरोबर.” चाकांना दगड लावून, ट्रॉली सोडून तो गेला. दोन तास मी ट्रॉलीमागं पत्रकांचा लाल गठ्ठा हलवत गाड्या बाजूनं काढत होतो. मावशींनी मला उसाचं कांडं सोलून दिलं आणि पत्रक वाचायला सांगितलं. मी तावातावानं वाचलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “समदं खरं हाय, दादा. पर मागं कुणी थांबायचं, ते न्हाई लिवलं?” ते लिहिलेलं नव्हतं. आजही नवं पत्रक लिहायला घेतलं की मी आधी त्याच प्रश्नाचं उत्तर शोधतो, आणि ते सापडेपर्यंत छापायला देत नाही.