माळ्यावरच्या बाईला न घाबरलेला मामा

आमच्या मामाचं काळीज सशाचं आहे असं कुणी म्हटलं की मला सशाची बाजू घ्यावीशी वाटते. ससा निदान पळून तरी जातो. मामा जागच्या जागी उडी मारतो, डोळे गच्च मिटतो आणि "मी नाही, मी नाही!" असं ओरडतो. दारावरची घंटा वाजली तरी हेच, टोस्टरमधून पाव वर आला तरी हेच. घरात सगळे त्याला दचकूमामा म्हणतात. मामी अगदी उलट. ती पाल शेपटीला धरून बाहेर सोडून येते, आणि दाताच्या डॉक्टरांचा हात थरथरला तर त्यांनाच धीर देते.

अशा माणसाला नोकरी कोण देणार? पण मामाला नोकरी मिळाली ती दचकण्याचीच.

त्याआधी तो पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचा. एकदा एका कंपनीत फिल्टर बघायला गेला. ही कंपनी हातात धरून खेळायची गेमची यंत्रं बनवायची आणि त्यावरचे गेमही. टेबलावर 'माळ्यावरची बाई' नावाचा नवाकोरा भुताचा गेम चालू होता. पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, फक्त माळ्यावर कुणीतरी चालल्याची पावलं वाजत होती. मामा हातातल्या पान्यासकट टेबलावर चढला आणि खाली यायला तयार होईना. दुसऱ्या कुणी त्याला हाकलून दिलं असतं. मालकांनी मात्र त्याला टेबलावरच चहा पाजला आणि उद्यापासून कामावर या म्हणून सांगितलं.

काम असं. मामाने खुर्चीत बसायचं. मांडीवर ट्रे, ट्रेमध्ये पांढरा कागद, कागदावर काठोकाठ भरलेला चहाचा कप. दोन्ही हातांत यंत्र धरून तो खेळणार. चहा सांडला की तो प्रसंग पास, नाही सांडला तर नापास, पुन्हा बनवा. डाग जेवढा मोठा तेवढी शाबासकी मोठी. दुसऱ्या भागात ती बाई न्हाणीघराच्या आरशात मागे उभी राहते, त्या वेळी अख्खा कप मालकांच्या पँटवर गेला. ती पँट न धुता काचेच्या पेटीत ठेवली आहे. मी स्वतः पाहिली आहे, आणि मला ती अजूनही किळसवाणी वाटते.

ते मामाचे सोन्याचे दिवस होते. ज्या गुणाबद्दल जन्मभर बोलणी खाल्ली त्याबद्दल लोक येऊन हात मिळवत होते. शेजारीपाजारी विचारत, "काय मामा, आज किती सांडला?" मामा लाजून म्हणे, "आज बशीसकट." यावर सगळे हसले की त्या हसण्याला दचकून पुन्हा एकदा उडी मारे, ते वेगळं.

मग फोन आले. म्हणजे फोन आधीही होते, पण आता सगळे फोनवरच खेळायला लागले. वेगळं यंत्र कोण खिशात बाळगणार? विक्री घसरली. मालकांनी यंत्र स्वस्त करायला घेतलं. पडदा एवढा लहान झाला की माळ्यावरची बाई अंगठ्याएवढी दिसायला लागली, आणि उन्हात बसलं तर तीही दिसेना. स्पीकरमध्ये तर काटकसरीची हद्द झाली. बाई जीव तोडून किंचाळायची आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, उंदराला शिंक आली.

त्यात कुणीतरी मालकांच्या डोक्यात भरवलं की पोरं रडतात म्हणून आईबाप हा गेम घेत नाहीत. झालं! बाईला माणसाळवायला सुरुवात झाली. चौथ्या भागात ती हसली. पाचव्यात तिला टोपी आली. सहाव्यात एक कुत्र्याचं पिल्लू आलं आणि दोघांची नाचाची स्पर्धा झाली. मामा तो नाच बघत ट्रेमधला चहा सावकाश पिऊन टाकायचा. कागद कोरा.

आता कुणालाही वाटेल की गेम बिघडला. त्या कंपनीत तसं वाटलं नाही. तिथे मोठी बैठक बसली आणि सगळ्यांनी एकमताने ठरवलं की मामा बिघडला. "मामा, तुम्ही धीट झालात," मालक दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "आम्ही तुमच्यावर विसंबलो होतो." नाचता येईना, अंगण वाकडं! आणि मामाला सक्तीची रजा दिली. जा आणि पहिल्यासारखे भित्रे होऊन या.

मामाची पाचावर धारण बसली, म्हणजे भित्रेपणा शाबूत होता, पण ते बघायला कंपनीतलं कुणी तिथे नव्हतं. घरी आम्ही सगळे कामाला लागलो. आई दाराआड लपली, मामा दचकला. बाबा उशीचा अभ्रा डोक्यावर घालून आले, मामा सोफ्यामागे गेला. मी नुसती शिंकले तरी मामाने पडदा पकडला आणि तो दांडीसकट खाली आला.

"मामा, तू ठणठणीत भित्रा आहेस," मी म्हटलं. "त्यांचं भूतच बावळट झालंय. सांग ना त्यांना तोंडावर."

"नको गं बाई, ते रागावतील," मामा म्हणाला. मामी कोपऱ्यातून म्हणाली, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! मी येऊन सांगू का?" यावर मामा जास्तच घाबरला.

सातव्या भागाची चाचणी आली. त्या दिवशी एक बडे गृहस्थ येणार होते. त्यांना आवडलं तर ते कंपनीत पैसा घालणार, नाहीतर कंपनीला टाळं. एकटं जायची भीती वाटत होती म्हणून मामा मला सोबत घेऊन गेला. फाटकाशी मालक वाट बघत उभे होते. त्यांचे डोळे तारवटलेले होते आणि शर्टाचं बटण एक घर चुकलेलं होतं.

"मामा, आज सांडला तर आपण सगळे आहोत," ते म्हणाले. "नाही सांडला तर तुम्हीही नाही आणि मीही नाही."

मामा खुर्चीत बसला. ट्रे, कागद, कप. गृहस्थ शेजारच्या खुर्चीत, पायांत चकचकीत बूट. मागे सगळी कंपनी श्वास रोखून उभी. खेळ सुरू झाला. मी मामाच्या खांद्यावरून बघत होते. टोपीवाली बाई आली आणि म्हणाली, "या, या! आज सगळ्या टोप्यांवर सूट!" पिल्लाने शेपूट हलवली. चहावर साय धरायला लागली. मालकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि मला त्या माणसाची पहिल्यांदाच दया आली.

आणि अचानक मामा "आई गं!" करून उडाला. कप हवेत, चहा कागदावर, ट्रेवर, त्या गृहस्थांच्या चकचकीत बुटांवर!

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी शिट्टी मारली, कुणी रडायलाच लागलं. मालकांनी मामाला मिठी मारली. गृहस्थांनी बूट झटकत, "वा, काय परिणाम आहे!" म्हणत खिशातून पेन काढलं. माझा जीव भांड्यात पडला. सुटलो एकदाचे.

मामा मात्र हातातल्या यंत्राकडे बघत उभा होता. पडदा काळा पडला होता.

"साहेब," तो म्हणाला, "बॅटरी गेली."

"जाऊ दे हो, नवी घालू!"

"तसं नाही. लाल दिवा लागला आणि माझा खेळ सेव्ह केलेला नव्हता. मी त्याला घाबरलो. त्या बाईला नाही."

मी त्याला जोरात चिमटा काढला. त्याने माझा हात बाजूला केला. त्याने डोळे गच्च मिटले होते, आणि तरी तो बोलत होता. "ती बाई बघून मला भीती नाही वाटली, साहेब. कीव आली. हे गृहस्थ माझ्या चहावर भरवसा ठेवून पैसा घालणार. आणि उद्या घरोघरी कुणाचाच चहा सांडला नाही तर?"

"मामा, गप्प बसा," मालक दबक्या आवाजात म्हणाले. "इतक्या जणांचं पोट आहे यावर."

"माझंही आहे," मामा म्हणाला.

पेन खिशात परत गेलं. गृहस्थ ओल्या बुटांनी पचक पचक करत निघून गेले. मालकांनी मामाच्या हातातून यंत्र घेतलं, वायर लावली आणि भिंतीकडे तोंड करून खेळत बसले. तिसऱ्या भागानंतर त्यांनी स्वतः एकही भाग खेळला नव्हता, हे आम्हाला तेव्हा कळलं. बराच वेळ उंदरांच्या शिंका ऐकू येत राहिल्या. मग ते म्हणाले, "ही टोपी मीच घातली तिला." आणि बंद करू या म्हणाले. गेमही, यंत्रंही.

परतताना मी मामाच्या चार पावलं पुढेच चालत राहिले. मला त्याचा अभिमान वाटत होता आणि त्याहून जास्त राग येत होता. जन्मभर घाबरलास, आजच्या एका दिवशी घाबरून गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?

घरी सगळं ऐकून मामी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता मामाचं काही खरं नाही.

"बोलताना भीती नाही वाटली तुम्हाला?" तिने विचारलं.

"वाटली ना," मामा सोफ्याच्या मधोमध बसून म्हणाला. "अजून वाटतेय. उद्या सकाळी उठून कुठे जायचं, सांग."

मामीने पदराने तोंड पुसलं. पाल हाताने धरणारी आमची मामी, तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

"मलाही वाटतेय," ती म्हणाली. "सरका जरा."