शांताच्या कपाशीवर माझं रसायनशास्त्र

आता माझ्या शहाणपणाचं काय सांगू तुम्हाला! आयुष्यभर कारकुनी करून एकच कला अंगी आली: समोर माणूस उभा असला तरी आधी कागद वाचायचा. त्याच कलेनं धाकट्या बहिणीची, शांताची, फवारणी बुडवली.

शांताचं शेत जळगाव जामोदकडे. बियाणं बीटीचं, म्हणून सगळे निवांत. पण बीटी अळीपुरतं. पांढऱ्या माशीला त्याचं काय? पानं उलटी करावी तर खाली माशीच माशी. आभाळ भरलेलं, औषध एकाच फवारणीपुरतं आणि पंपवाले शब्बीरभाई त्या एका सकाळपुरते मोकळे.

मी औषध पानावर टिकवणाऱ्या द्रवाची बाटली घेऊन हजर. सोबतचं माहितीपत्रक एसटीत पाठच केलं होतं.

"शांते, ऐक. याच्या रेणूचे दोन भाग. एकावर धन भार, पानावर ऋण भार. तो भाग पान धरून ठेवतो, दुसरा पाण्यात पसरतो. मग पाऊस येवो की वादळ!"

"दादा, पण म्या त्यात..."

"मध्ये बोलू नको."

"साहेब, ताई काहीतरी सांगून राह्यल्या," शब्बीरभाई म्हणाले.

"तुम्ही पंप बघा!"

आणि औषधाच्या ड्रममध्ये मी बाटली उपडी केली. पत्रकात झाकणभर म्हटलं होतं. बहिणीसाठी झाकणं काय मोजायची?

ढवळलं मात्र, दूध नासावं तसा ड्रम फाटला! गोळेच गोळे. पंप दोनदा खोकला आणि गप्प झाला.

"काय टाकलं होतंस यात?"

"कपडे धुवाची पावडर! दरसाली टाकाच लागते, औषध पानाले धरते. तेच सांगून राह्यली होती ना मी!"

पावडरीवर ऋण भार! माझ्या धन भाराला पानापर्यंत जायची गरजच उरली नाही. सोयरीक ड्रममध्येच जुळली.

शब्बीरभाईंनी नोझलमधून पांढरा गोळा उपसून काढला. "साहेब, तुमचं खरं हाय. लय पक्कं धरते. पान सोडून."

दुपारी पाऊस आला तो आलाच. नांदुऱ्याहून नवं औषध येऊन फवारणी व्हायला चार दिवस गेले. तोवर धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या ओळी पिवळ्या पडल्या.  

आताही मी शेतावर जातो. लांबूनच तिचा आवाज येतो, "शब्बीरभाई, दादा आला! पहिले ड्रमवर झाकण ठेवा, मंग त्याले पाणी द्या."