याकोबने न धरलेला हात

माझा धाकटा भाऊ याकोब झुरिकमध्ये ट्रॅम चालवायचा. एक मिनिट उशीर झाला तर घास उतरायचा नाही त्याच्या घशाखाली. ध्यानालाही तसाच बसायचा, वर्षानुवर्षं, गुडघ्यांचा भुगा होईस्तोवर. मी म्हणायची, "अरे, नियम पाळून मोक्ष मिळत असता तर तिकीट तपासनीस केव्हाच गेले असते वर." नुसता हसायचा.

त्याची लेक लदिना बर्फाचा कडा कोसळून त्याखाली गेली आणि माझ्या भावजयीची, रेगुलाची, झोपच उडाली. याकोबशी भांडभांड भांडायची, की तू रडत का नाहीस म्हणून. शेवटी डॉक्टरांनी दोघांना एका प्रयोगात घेतलं. डोंगरावरच्या ध्यानगृहात पाच दिवस मौन, आणि चौथ्या दिवशी निम्म्यांना अळंब्यातल्या औषधाची गोळी, निम्म्यांना नुसतीच फुसकी. दोघंही तिथे जाऊन बसले.

पुढचं त्यानेच मला सांगितलं. रेगुलाला औषध चढलं, याच्या वाट्याला फुसकी गोळी. लेकीचं नाव घेत ती हुंदके द्यायला लागली आणि शेजारच्या आसनावर बसलेल्या याकोबकडे तिने हात पुढे केला. पण बघायचं नाही, बोलायचं नाही, शिवायचं नाही, हा तिथला नियम. काळजी घ्यायला डॉक्टर होतेच की. आमचा शहाणा भिंतीकडे तोंड करून, मांडीतले हात न सोडता बसून राहिला. तिचा हात बराच वेळ तसाच होता. मग तिने तो मागे घेतला आणि शांत झाली.

ती शांतता वर्ष झालं तरी टिकून आहे. रेगुला गाढ झोपते, गुणगुणते, तिच्या झोपेच्या गोळ्या सुटल्या. डॉक्टर खूश आहेत. मलाही आनंद व्हायला हवा, पण याकोबकडे बघवत नाही.

परवा आमच्या इमारतीच्या सामाईक तळघरात कपडे धुवायला गेले, तर याकोब ओला टॉवेल धरून नुसता उभा.

"ताई, ती माझ्याशी भांडतच नाही गं."

"मग तू भांड."

"तेही केलं. म्हटलं, मी चुकलो त्या दिवशी, बोल मला चार शब्द. तर म्हणते, 'नाही रे, तू छान बसला होतास. मला तेव्हाच कळलं, मला कुणी धरायची गरज नाही.' गालावरून हात फिरवला माझ्या, आणि कॉफी टाकायला गेली."

बायको बरी झाली, अशी तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

सकाळी त्यांच्याकडे पाव ठेवायला जाते, तेव्हा दोघं अजून शेजारी शेजारी ध्यानाला बसलेले दिसतात. हल्ली याकोबचा एक हात मांडीत नसतो. तो तिच्या आसनाच्या कडेला असतो, तळवा वर करून. रेगुलाचे डोळे मिटलेले असतात.