रिकाम्या जागेत दिलेला पास

माझी मुलगी फुटबॉलमध्ये मिडफिल्डला खेळते. म्हैसूरमधल्या आमच्या मराठी ओळखीच्यांना हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "गोल किती मारते?" फारसे नाही. गोल कुठून होऊ शकेल ते ती बघते आणि तिथे चेंडू पोचवते. हे समजावून सांगणं मी आता सोडलं आहे.

तिचा खेळ बघायचा तर नुसतं चेंडूकडे बघून भागत नाही. चेंडू यायच्या आधीच ती दोन्ही खांद्यांवरून मागे नजर टाकून घेते. चेंडू घेताना अर्धी वळलेली असते. पळण्यात साधारणच. उलट कोणी अंगावर धावून आलं की ती आणखी सावकाश होते, समोरचीला अगदी जवळ येऊ देते, मग मान खाली घालते आणि पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू तिच्या पाठीमागे सरकवते. त्या क्षणी तिथे कोणीच नसतं. आपल्यापैकी कोणीतरी तिथे पळत यावं, अशी अपेक्षा असते.

कोणी यायचं नाही. चेंडू सरळ रेषेबाहेर जायचा आणि कडेला बसलेले पालक हसायचे.

क्लबचे कोच लष्कर मोहल्ल्यातले. जुन्या मराठी घराण्यातले, पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत आलेले. त्यांचं मराठी अर्धं कानडी. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "नोडी, बघा ताई, ही पास कुणाला देते? गवताला?"

"पुढची पळाली असती तर तिला मिळाला असता."

"ती पळत नाही ना, ताई. मग हिनं पायातच द्यायचं. सिंपल."

सरावात ते शंकू मांडून मुलींना जागच्या जागी उभं करायचे. पास उभ्या असलेल्या मुलीच्या पायात. आमच्याकडे सगळे असंच शिकतात, म्हणून सामन्यातही सगळ्या उभ्याच राहतात. जिल्हा संघाची निवड चाचणी जवळ आली होती. वयोगटाच्या नियमामुळे मुलीची ही शेवटचीच संधी होती. कोणाला दोष देत बसण्यापेक्षा काम उरकावं, म्हणून मी कोचना सोडून संघात पुढे खेळणाऱ्या मुलीला धरलं. कुवेंपुनगरला आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. रोज सकाळी शाळेआधी दोघींना गाडीत घालून बोगादीला न्यायचे. तिथे अजून घरं न झालेले मोकळे प्लॉट आहेत. पाणी, केळी, पायाला बांधायच्या पट्ट्या, सगळं आदल्या संध्याकाळीच डिकीत.

माझ्या मुलीने तिला एकच गोष्ट शिकवली. "मी मान खाली घातली ना, की माझं बघून झालेलं असतं. तेव्हा पळायचं. बॉलची वाट नाही बघायची."

"आणि बॉल आलाच नाही तर?"

"तर मला शिव्या घाल."

आठवड्याभरात तिला जमलं. सामन्यांत गोल व्हायला लागले. हसणारे पालक आता पुढे खेळणारीच्या नावाचा जल्लोष करायचे. पास कुठून आला, हे कोणी बघत नव्हतं, पण मी म्हटलं, असू दे. चाचणीत निवडणारे बघतील. त्यांना खेळातलं कळतं.

चाचणीच्या सकाळी मैदानावर पोचल्यावर कळलं, एकाच क्लबच्या मुली मुद्दाम वेगवेगळ्या संघांत घालतात. पक्षपात नको म्हणून. मी वेळ, जागा, रंगीत बनियन, आधार कार्डाच्या झेरॉक्स, सगळ्याची चौकशी केली होती. ही एक केली नव्हती.

माझी मुलगी अनोळखी मुलींमध्ये खेळली. मागे बघून घेतलं, मान खाली घातली, चेंडू सरकवला. कोणी हललं नाही. पुन्हा सरकवला. पुन्हा बाहेर. निवड समितीतले एक गृहस्थ शेजारच्याला कानडीत म्हणाले, ही मान वर करून बघतच नाही. मी मधे बोलायला गेले तर त्यांनी पालकांसाठी आखलेल्या रेषेकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या संघात आमची पुढे खेळणारी मुलगी मात्र जिच्याकडे चेंडू असेल तिची मान खाली गेली रे गेली की सुटत होती. मिळो न मिळो, पळत होती. तिची निवड झाली. बिनचेंडूचं पळणं उत्तम, असं त्या गृहस्थांनी सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या मुलीची झाली नाही.

"त्यांना सांगू का, हे पळणं तिला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"आई, गाडीत बस."

परत येताना दोघी मागे होत्या. निवड झालेली मुलगी हळूच म्हणाली, "आंटी, जिल्हा संघाचं शिबिर दहा दिवसांनी आहे. तोपर्यंत सकाळी बोगादीला..."

मी आरशात बघितलं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं.

"सहाला तयार राहा," माझी मुलगी तिला म्हणाली. "तू डावीकडे वळताना अजून उशीर करतेस."

गाडी मला काढायची होती. मला कोणी विचारलं नाही.