आडव्या झालेल्या कोयऱ्या

आमच्या दाजींइतका हट्टी माणूस भिवंडीत दुसरा नाही, आणि भिवंडीत हट्टी माणसांचा तुटवडा आहे असं कुणी म्हणणार नाही. थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून मी शिव्या गिळतो. दुसरा कुणी असता तर केव्हाच माझ्या यंत्रमागाच्या कारखान्याबाहेर काढला असता. एका सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर फोरट्रान या जुन्या भाषेत प्रोग्रॅम लिहिले. त्या भाषेत मोजणी एकपासून सुरू होते, म्हणून काल्हेरच्या त्यांच्या इमारतीचा तळमजलाही त्यांच्या लेखी पहिला. राहतात पाचव्यावर, पाहुण्यांना सांगतात सहावा. सहाव्यावरची बाई आता आमच्या सगळ्या नातेवाइकांना नावानं ओळखते. मी समजावायला गेलो, तर म्हणाले, "शून्यावा मजला असतो का रे कुठं?"

मी भाड्याच्या एका लूमवरून वर आलेला माणूस. नक्षीचा नवा लूम घेतला, विकणाऱ्याला घाम फोडून घेतला. तो चालतो सी भाषेवर. दाजींनी त्यासाठी लिहिलेला कोयरीच्या नक्षीचा प्रोग्रॅम मात्र फोरट्रानमधला. म्हटलं, सगळं सीमध्ये लिहा. नाही म्हणाले, फोरट्रान नक्षीचा तक्ता तयार करून सीच्या हातात देईल, झालं. लुंगीचा चौकडा विणून पाहिला, अगदी चोख निघाला. मग मी धामणकर नाक्यावरच्या व्यापाऱ्याला बोलावलं. त्याची ऑर्डर मिळाली असती तर वर्षभर लूम थांबला नसता.

त्याच्यासमोर कापड उतरलं आणि प्रत्येक कोयरी आडवी. व्यापारी हसला. "सेठ, आपकी कोयरी सो गयी क्या?"

माझं डोकं फिरलं. दाजी मात्र खूश. फोरट्रान तक्ता उभा वाचतो, सी आडवा वाचतो. चौकडा दोन्हीकडून सारखाच दिसतो, म्हणून चूक लपली, हे ते व्यापाऱ्याला कागदावर काढून दाखवू लागले. मी म्हणत होतो, दाजी, आधी दुरुस्त करा. त्यांचं समजावणं संपेपर्यंत व्यापाऱ्यानं चपला घातल्या होत्या. दुरुस्ती निघाली दोन ओळींची. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. ताईचा फोनही घेतला नाही.

मग एका दुपारी धामणकर नाक्यावर ते दिसले. काखेत कापडाची घडी. समोर शेअर रिक्षा एकेक भरून सुटत होत्या आणि ते एकीतही बसत नव्हते. ज्या माणसानं दुकानदाराकडे कधी सुटे पैसेही मागितले नाहीत, तो त्या व्यापाऱ्याकडे ऑर्डर मागायला गेला होता. उत्तर काय मिळालं ते विचारायची गरज नव्हती. मी गाडी थांबवली. बोलायचं बरंच साठलं होतं.

दाजी आत बसले, घडी मांडीवर उलगडली. कोयऱ्या ताठ उभ्या होत्या.

"आता बरोबर आहे ना रे?"

"बरोबर आहे, दाजी," मी म्हणालो, आणि गाडी काल्हेरकडे वळवली.