किती खूप?

२०१६च्या हिवाळ्यात रिचमंड हिलच्या बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी बसायची. रोमानियात वीस वर्षं नर्स होती. इथे हॉस्पिटलात फरशी पुसत नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करत होती. वहीत डावीकडे 'माइल्ड', 'सिव्हिअर', 'अनबेअरेबल' असे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्यांचे रोमानियन अर्थ. अर्थांवर हातमोजा ठेवून ती पुटपुटत पाठ करायची.

"मी सगळ्याला 'व्हेरी' लावतो, माझं भागतं," मी एकदा शहाणपणा केला.

"तुम्ही कॉम्प्युटरवाले. पेशंट खूप दुखतंय म्हणाला, तर किती खूप, हे मला डॉक्टरला सांगावं लागतं."

ती दुसऱ्यांदा नापास झाली. पुढच्या सोमवारी तिनं नवी वही उघडली. त्या वहीत रोमानियन रकानाच नव्हता.