तळ्याकाठची ओटी

स्लोव्हेनिया नावाचा देश आहे, हे मला व्हिसा हातात पडेपर्यंत माहीत नव्हतं. सातवीत शाळा सुटली, तेव्हाच नकाशाही सुटला. सिंगापूरच्या सेरंगून भागात ज्या ताईंच्या घरी मी त्यांची जुळी मुलं सांभाळते, त्यांनी यंदा सुट्टीत मलाही सोबत न्यायचं ठरवलं. ओळखीच्या बायकांनी चिडवलं, पॅरिस नाही, लंडन नाही, कुठल्या आडगावाला नेतायत गं तुला? मी हसले, पण काळजी वेगळीच होती. मुलं आता पाचवीत, एमआरटी ट्रेनने आपापली शाळेत जातात. माझं वर्क परमिट संपत आलेलं, आणि पुढचं काय यावर ताई अवाक्षर काढत नव्हत्या. नांदेडला माझी मुलगी नर्सिंगला आहे. तिचं शेवटचं वर्ष माझ्या पगारावर आहे.

देश सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. गर्दी नाही, आरडाओरडा नाही. शेतांत लाकडी मांडवांवर गवत वाळत घातलेलं. माणसं नदीकाठी कॉफी घेऊन बसली की उठायचं नाव नाही. पण माझं निम्मं लक्ष ताईंकडे. फोटोत मला मधे उभं करायच्या, पहिला केकचा तुकडा मला द्यायच्या. त्या जितक्या गोड वागत, तितकी माझी धास्ती वाढे.

शेवटचा मुक्काम ब्लेडला, तळ्याकाठच्या भाड्याच्या घरात. बाहेर भुरभुर पाऊस, तळ्यातलं बेट धुक्यात बुडालेलं. मी बॅगा आवरत होते. ताई म्हणाल्या, "मावशी, जरा पूर्वेकडे तोंड करून बसा."

त्यांनी हळदकुंकू लावलं. खिचडीसाठी नेलेल्या तांदळातले उरलेले तांदूळ घेतले, नारळ नव्हता म्हणून सफरचंद, आणि वर एक हिरवा खण. मला पदर कुठला? जाड जाकिटाचं टोक पुढे धरलं.

निघालेल्या बाईची ओटी भरतात. आणि त्या देशात खण कुठून येणार? सिंगापूरला सगळ्या बॅगा मीच भरल्या होत्या, त्यांत तो नव्हता. म्हणजे ताईंनी पर्समध्ये वेगळा जपून आणला होता. निघायच्या आधीच ठरलं होतं सगळं.

"घरी सांगायचा धीर झाला नसता हो," ताई म्हणाल्या. त्यांचेच डोळे भरले होते.

रागवू तरी कशी? मला विमानात बसवून युरोप दाखवणारं दुसरं कोण होतं? एवढंच म्हणाले, "लेकीचं एक वर्ष राहिलंय, ताई. कुणाला बाई हवी असेल तर शब्द टाका."

"टाकते."

दारातून जुळ्यांतली मुलगी सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मावशी, यू मस्ट कम व्हिजिट, लाह." मी मान हलवली. तांदूळ सांडू नयेत म्हणून जाकीट दोन्ही हातांनी धरलेलं, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

सिंगापूरला परत येऊन आठवडा होत आला. इथल्याच यिशुन भागातल्या एका घरी ताईंनी शब्द टाकलाय, तिथून अजून काही निरोप नाही. नांदेडला माझ्या मुलीला तळ्याचे फोटो पाठवले होते. काल फोनवर म्हणाली, आई, मजा आहे बाई तुझी.

मी हो म्हणाले.